पुसलेली सही

दसऱ्याच्या सकाळी माझ्या जुन्या संगणकावर झेंडूचं फूल आणि हळद-कुंकू वाहिलेलं दिसलं. झाकणावरची सही गेली होती.

"भाऊजी, कुणीतरी पेनाने गिरगटून ठेवलं होतं," वहिनी हौसेने म्हणाली. "स्पिरिटने घासून घासून काढलं. पूजेला वस्तू कशी लख्ख हवी!"

घरोघरी संगणक नव्हते त्या काळात हे यंत्र ज्यांनी घडवलं, त्या इंजिनियरांची ती सही. एका प्रदर्शनात त्यांना गाठून, मार्कर हातात देऊन घेतलेली. आता ते नाहीत, दुसरी सही मिळायची नाही.

लोक विचारतात, बंद पडलेल्या डब्यावरच्या सहीचं एवढं काय? अहो, साच्यातून असे डबे ढिगाने निघाले. सगळ्यांचं झाकण तेच, बटणं तीच. यामागे कुणी हाडामांसाचा माणूस खपला होता, हे त्या थरथरत्या रेघेशिवाय कुठे दिसतं? म्हणून तर मी सह्या जमवतो. आणि ती रेघ एका फडक्यासरशी जावी, तीही भक्तिभावाने! चीड तरी कुणावर काढायची?

संध्याकाळी फूल उचललं, कुंकू झटकलं. सही होती तिथेच वहिनीच्या बोटाचा लाल ठसा उमटून राहिलाय, त्यावरच्या बारीक रेषांसकट. माणसाच्या हाताची खूणच हवी होती ना मला? स्पिरिटची बाटली मघापासून हातात धरून बसलोय. बूच काही उघडवत नाही.