मामाची बुटकी व्हॅन

माझ्या मामाइतका गाडीत जीव अडकलेला माणूस अख्ख्या खालापूर तालुक्यात दुसरा नसेल. चौकला त्याचं केटरिंग. पातेली, शेगड्या, आचारी हा सगळा संसार वाहायला त्याच्याकडे जुन्या घडणीची व्हॅन होती: रुंद, बुटकी, सपाट तोंडाची, इंजिन थेट ड्रायव्हरच्या मांडीशी. त्या इंजिनाच्या झाकणावर मामा फडक्यात बांधलेली भाकरी ठेवायचा. खोपोली येईपर्यंत ती गरम झाली नाही, की गाडीची तब्येत बिघडली असं समजून तो गॅरेज गाठायचा. एकदा तर त्यापायी लग्नाची पंगत खोळंबली. इंजिन ठणठणीत होतं, मामीने भाकरीला दोन फडकी गुंडाळली होती.

हल्ली रस्त्यावर युरोपी धाटणीच्या व्हॅन दिसतात. उंच, अरुंद, इंजिन पुढे नाकात. ढाब्यापाशी अशी एखादी दिसली की मामा कलिंगड पारखावं तसा तिच्यावर बोटाने टकटक करून यायचा. "पोकळ हाय रं," तो गंभीरपणे सांगायचा, "वाऱ्याला कलंडंल."

पण मामीची कंबर गेली होती. व्हॅनमध्ये भांडी तिनेच रचायची, दुसऱ्या कोणी रचली तर वाटेत आदळतात, अशी मामाची पक्की समजूत. डॉक्टरांनी वाकायला साफ मनाई केली. म्हणजे गाडी तरी बदला, नाहीतर मामीचं काम तरी सोडवा. मामाने यावर खूप विचार केला आणि मामीला व्हॅनमध्ये बसायला एक पाट आणून दिला.

यंदाच्या लग्नसराईत भिसेगावला व्हॅन बंद पडली. परतीसाठी हॉलवाल्यांनी त्यांची नवी, उंच व्हॅन दिली. मामी सवयीने वाकूनच आत शिरली, वाकूनच पातेली सरकवू लागली.

"मामी, उभी राहा की सरळ," मी म्हटलं.

तिने हात वर करून छप्पर चाचपलं. मग हळूहळू पाठ ताठ केली. मामा परात घेऊन दाराशी उभा होता. गाडीत, भांड्यांमध्ये, ती अशी उभी त्याने कधी पाहिलीच नव्हती.

"अवो, परात द्या ना."

"थांब गं," मामा म्हणाला. "जरा अशीच ऱ्हा."

मामाने ती परात स्वतःच आत नेऊन ठेवली.

त्यानंतर लवकरच जुनी व्हॅन विकली. गिऱ्हाईक न्यायला आलं त्या दिवशी मामा घराबाहेर आलाच नाही. मामीच रस्त्यापर्यंत तिच्यामागे चालत गेली, आणि रडलीही तीच.