बाजूला न बसलेली योगिनी

योगिनीला सगळ्यात जास्त चीड यायची ती या गोष्टीची, की तिच्या पाळीची तारीख सासूला तोंडपाठ असायची. खेडजवळच्या त्यांच्या घरात अजून बाजूला बसायची पद्धत होती. पाळीचे चार दिवस ही मागच्या पडवीत, आणि सासू कमळाबाई चुलीपाशी धुसफुसत. नात आरोही शाळेत जायला लागली, आता नातू कधी, हे त्या धुसफुशीतून बरोबर ऐकू यायचं.

योगिनीला इतक्यात दुसरं मूल नको होतं. लोटे औद्योगिक वसाहतीतल्या कंपनीत लॅबमधली तिची नोकरी यंदा कायम व्हायची होती. शिफ्ट बदलली की गोळी विसरायची, म्हणून डॉक्टरीणबाईंनी योनीत बसवायची रिंग दिली. मऊ, लवचीक कडं. तीन आठवडे आत, मग आठवडाभर सुट्टी, त्यात पाळी. बोटीवर नोकरीला असलेल्या नवऱ्याला तिने फोनवर सगळं सांगितलं होतं. संदेश म्हणाला, "बरं केलंस. आईशी मी बोलतो." बोलला मात्र कधीच नाही.

यंदा पाळी नेमकी गणपतीत येत होती. घरात कामाचा डोंगर आणि आपण पडवीत, ही कल्पनाच तिला सोसवेना. डॉक्टरीणबाईंना विचारून तिने सुट्टीचा आठवडा गाळला. जुनी रिंग काढून लगेच नवी बसवली. पाळी आली नाही. मोदकांपासून गौरीला सुपं वाहायच्या ओवशापर्यंत तिने सगळं निभावलं, आणि तिथेच घोळ झाला.

सून बाजूला बसली नाही, म्हणजे दिवस गेले! कमळाबाईंनी वाडीभर सांगूनही टाकलं. गौरीपुढे बायका जमल्या, तेव्हा शेजारची मैनाकाकी नारळ घेऊन ओटी भरायला पुढे आली. "जप गो बाय, आता जड काय उचलू नको."

सुट्टीवर आलेला संदेश दारात उभा राहून खुशाल हसत होता. योगिनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"मला दिवस गेलेले नाहीत, काकी. मूल राहू नये म्हणून मी रिंग वापरते. यांना ठाऊक आहे."

कमळाबाई लेकाकडे वळल्या. "तुला ठाव होतं रे?"

संदेशने मान खाली घातली. "बायकांच्या भानगडी त्या. मला काय कळतंय, आई?"

हा आईशी बोलेल म्हणून इतके महिने योगिनी याच्या तोंडाकडे बघत बसली होती.

"नाही ना कळत?" ती म्हणाली. "मग दुसरं मूल कधी, तेही मला विचारू नका. ते माझं मी ठरवीन."