दोन बादल्या पाणी

सुभद्राला स्वस्थ बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. जेवायचीही उकिडवी, भाकर हातावर अन् नजर पुढच्या कामावर. पंधरा वर्षं बांधकामावर रेजा म्हणून तिनं नागपुरातल्या घरांची गिट्टी आणि कन्हानची रेती डोक्यावर वाहिली होती. पण चौऱ्याहत्तरच्या मे महिन्यातली तिची धावपळ कामाची नव्हती. एक गोष्ट मनात खुपत होती आणि तीच तिला जिन्यावरून वरखाली पळवत होतं.

झालं होतं असं. रामदासपेठेत नोकरीला असलेल्या मनोहररावांचं घर नव्या ले-आउटमध्ये उठत होतं. स्लॅबच्या दिवशी नारळ फुटला आणि रामाजी मिस्त्रीनं दम भरला, "माल शिऱ्यासारखा पाहिजे. आंबिलीसारखा केला तर याद राखा!"

सिमेंट-रेती-गिट्टीचा माल कालवायच्या पत्र्यावर पाणी घालायचं काम सुभद्राकडे होतं. बारापर्यंत तिनं मापानं घातलं. पण दुपारच्या उन्हात माल पटापट आवळू लागला, फावडं हलेना, बाया कुरकुरू लागल्या.

"टाक ना वं थोडं पाणी," सोबतची रेजा यमुताई म्हणाली. "कोण पाहून राहिलं?"

रामाजी वर थापी मारत होता. सुभद्रानं दोन बादल्या जास्तीच्या ओतल्या. माल कसा सुळसुळ पसरला! बायांनी हसत घमेली उचलली. तो सगळा माल स्वयंपाकघराच्या कोपऱ्यावर जाऊन पडला.

तेव्हापासून तिच्या जिवाला थारा नव्हता. स्लॅब पक्का व्हावा म्हणून त्यावर मातीची आळी घालून सकाळ-संध्याकाळ पाणी भरायचं होतं. ती त्या कोपऱ्यात दुप्पट भरी. पाण्यानं बिघडलेलं पाण्यानंच सुधारेल, असं स्वतःला सांगे आणि तिला स्वतःलाच ते पटत नसे.

"तिथं कमळं लावून राहिली का वं?" यमुताई टोमणा मारी.

"तू आपलं काम पाहा!"

एकविसाव्या दिवशी स्लॅबला खालून टेकू दिलेल्या बल्ल्या काढायच्या होत्या. रामाजीची एक रीत होती. शेवटची बल्ली निघताना तो स्वतः स्लॅबखाली बसून पान लावायचा. "माझा माल, माझं डोस्कं," म्हणायचा. त्या दिवशी त्यानं गोणपाट अंथरलं ते नेमकं स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात. तिथं गार होतं.

सुभद्राच्या हातातलं घमेलं सुटलं. बोललं तर काम जाणार. याहून लहान चुकीसाठी त्यानं दोघींना घरी बसवलं होतं. अन् नाही बोललं तर...

"मिस्त्री, तिथं बसू नका!"

"काहून? साप निघाला का?"

"मी पाणी टाकलं होतं. दोन बादल्या जास्तीच्या. तो माल याच कोपऱ्यात पडला."

रामाजीचा चुना लावणारा हात थांबला. "अन् एकवीस दिवस तोंडात मूग धरून बसली?"

"काम जाईल म्हणून भेली ना."

यमुताई पायानं माती उकरत राहिली. सुभद्रानं तिचं नाव घेतलं नाही.

रामाजी वर गेला. आळी फोडून त्यानं पाणी सोडून दिलं आणि खिळ्यानं ओरखडा काढला. बाकी स्लॅबवर खिळा करकरत घसरला, कोपऱ्यात पांढरा भुगा निघाला. हातोडीचाही तिथं खणखणीत आवाज येईना. खाली येऊन त्यानं कोपऱ्यातल्या बल्ल्या मोजल्या. सुभद्रा त्याच्या तोंडाकडे पाहत पदराचं टोक पिळत होती.

"कोपऱ्यातली एकही बल्ली हलवायची नाही," तो शेवटी म्हणाला. "आधी खालून विटांची भिंत घ्या."

"मी उद्या येऊ का?" सुभद्रानं विचारलं.

"मग विटा कोण आणीन, माझा बाप?"

आठ दिवसांनी मनोहररावांच्या पत्नी, शोभाताई, घर पाहायला आल्या आणि स्वयंपाकघरातच थबकल्या. "हे काय गा मिस्त्री? ओट्याची अर्धी जागा खाल्ली या भिंतीनं! नकाशात कुठं होती ही?"

"मजबुतीसाठी घेतली, ताई. मालाचा जरा..." रामाजी शब्द शोधू लागला.

"माझी चूक झाली, बाई," सुभद्रा विटा टाकून पुढे आली. "माल माझ्या हातानं पातळ झाला. भिंत नसती घेतली, तर हे तुमच्यावर पडलं असतं."

शोभाताईंनी आधी वर पाहिलं, मग तिच्याकडे. रामाजी खाकरला.

"मग पोळपाट कुठं ठेवू मी, तेही तूच सांग आता!"

सुभद्रा लगेच भिंतीला भिडली आणि विती टाकत मोजू लागली. "इथं एक फळी बसते, बाई. अन् खाली पाण्याची गुंडी. नाही नाही, थांबा, गुंडी इकडं..."