साहेबाचं ताट

त्या दुष्काळात अख्ख्या लातुरात एकच पीक जोमात आलं, ते म्हणजे पंचाक्षरीचं पोट. असं कचेरीतला शिपाई दगडोबा म्हणायचा, आणि तोंडावर म्हणायचा.

"पंचाक्षरप्पा, हिरी आटल्या, ढोरं वाळली. तुमच्याच पोटाला कुठला पाझर लागलाय?"

पंचाक्षरी हसायचा. पोट आत ओढून हसायचा. त्या पोटाची कथा कुणाला सांगण्याजोगी नव्हती.

झालं होतं असं. लातूर नवा जिल्हा झाला, कचेरीत खुर्च्या वाढल्या आणि त्या भरायला लांबलांबची माणसं आली. त्यातच खांबेटे साहेब आले. कोकणातले. बायकापोरं तिकडं ठेवून एकटेच लॉजवर उतरलेले. पहिल्याच संध्याकाळी त्यांनी आपल्या या कारकुनाला विचारलं, "इथं बरं जेवण कुठं मिळतं हो?" पंचाक्षरी त्यांना गौरम्माच्या खानावळीत घेऊन गेला. ज्वारीची पापडासारखी भाकरी, भाजल्या धान्याच्या येसराची आमटी, शेंगाची चटणी, वर घट्ट दही. साहेब घाम पुसत जेवले. हात धुऊन त्यांनी पाकीट काढलं, तर पंचाक्षरीनं त्यांचा हातच धरला.

"अक्का, साहेबांकडून पैसे घ्यायचे न्हाईत," तो गौरम्माला म्हणाला. "आपल्या गावचे पाहुणे हायत."

दुसरीकडं असलं बोलणं त्या जेवणापुरतं असतं. आपल्या मुलखात शब्दाला मुदत नसते. पंचाक्षरीच्या मनात एकच ताट होतं. गौरम्मानं ते कायमचं धरलं आणि साहेबांचं रोजचं ताट पंचाक्षरीच्या खात्यावर मांडलं. दुसऱ्या दिवशी साहेबांचा हात खिशाकडं जाताच ती चुलीपुढून म्हणाली, "ठेवा जी. पंचाक्षरप्पाचा शब्द पडलाय. तुमचे घेतले तर त्याचं नाक कुठं ऱ्हाईल?"

खानावळभर माणसं जेवत होती. सगळ्यांनी मान वर करून बघितलं. पंचाक्षरी म्हणाला, "हाव, ठेवा साहेब."

साहेब वाईट नव्हते. थोडे दिवस लाजले, घरून आलेले काजू त्याला आणून दिले, मग सवय झाली. माणसाला फुकटाची नाही, मायेची सवय होते, आणि ती सुटत नाही. शिवाय एकट्यानं त्यांना घास उतरत नसे. कचेरी सुटली की हाक यायची, "चला पंचाक्षरी."

घरी महादेवी वाट बघत असायची. लिंगपूजा आटोपलेली, भाकरी टोपल्यात झाकलेली. नवरा जेवल्याबिगर ती पाण्याचा घोटसुद्धा घेत नसे. मग पंचाक्षरी भरल्या पोटानं पुन्हा पाटावर बसायचा.

तिला सांगावं तर कुठल्या तोंडानं? टँकरच्या रांगेत उभी राहून ती घागर आणायची. भाजीत तेल थेंबानं टाकायची. "एवढं साल रेटू," म्हणायची, "पण कुणापुढं हात पसरायचा न्हाई." पगार कमी का येतो, यावर त्यानं सांगून ठेवलं होतं की फंडात जास्त कापतेत. तिनं ते मानलं होतं. तिनं मानलं, हेच त्याला जास्त सलायचं.

सुरुवातीला तो अर्धी भाकर ताटात ठेवून उठायचा. महादेवीला वाटलं, उन्हानं तोंड बेचव झालं. मग आमटी दाट झाली, चटणीत शेंगा वाढल्या, भाकरीवर तुपाचा ठिपका आला. हे कुठून येतंय ते त्याला एक दिवस दिसलं. तो उठल्यावर ती चुलीशी बसून पातळ आंबील पीत होती, नुसती. बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या.

त्या दिवसापासून तो ताट चाटूनपुसून खाऊ लागला. तर ती खुलली आणि दुसऱ्या दिवशी आणखी वाढलं. खाल्लं तरी फास, टाकलं तरी फास.

शेवटी एका संध्याकाळी त्यानं मनाचा हिय्या केला. आज साहेबांना सांगायचं. जेवता जेवता त्यानं खाकरून घेतलं, तर साहेबच बोलले.

"माझी बदली होत होती पंचाक्षरी. मी थांबवली. म्हटलं, अशी माणसं परत कुठं मिळणार?"

घशाशी आलेला शब्द भाकरीबरोबर खाली गेला.

घरी आला. महादेवीनं ताट मांडलं, तांब्या घ्यायला उठली आणि दाराची चौकट धरून खाली बसली. डोळ्यांपुढं अंधारी आली होती. पंचाक्षरीनं तिला पाणी पाजलं आणि तिथंच, मातीत बसून, सगळं सांगून टाकलं. खानावळ, साहेब, शब्द, फंड. ती रडेल, पैशावरून बोलेल, म्हणून तो खाली बघत राहिला.

"म्हंजी," ती हळू म्हणाली, "इतके दिवस पाहुण्याला खानावळीत जेवू घातलं?"

"हाव."

"आन् मी काय मेले होते घरात? काय म्हणत असंल गाव? पंचाक्षरप्पाच्या बायकूला भाकर थापता येत न्हाई?"

"तसं न्हाई गं. मी म्हणतो, शब्दच माघारी घेतो."

"शब्द माघारी घेतेत का कुठं? उद्या घरी आणा त्यांना. बाहेर उधळण्यापरीस बरं."

"तू आधी जेव."

"तुमी बसा. मग जेवते."

दुसऱ्या दिवशी साहेब आले. भिंतीला टेकून पाटावर बसले, फार आनंदले. पुरुष आधी, पाहुणा त्याच्याही आधी, आणि बाई सगळ्यांच्या मागून. महादेवी थापत होती, साहेब खात होते.

"वहिनी, गौरम्मा विसरलो बघा. आणखी एक वाढा."

कित्येक महिन्यांनी पंचाक्षरी घरी खरोखर भुकेला आला होता. त्यानं मान वाकडी करून आत बघितलं. साहेबांना वाढल्यावर परातीच्या कडेला एका भाकरीपुरतं मूठभर पीठ उरलं होतं. त्यानं ताटावर हात आडवा धरला.

"मला बास."

त्या पिठाची भाकर भाजून घेऊन महादेवी बाहेर आली. त्याच्या ताटाकडं बघताच तिचा चेहरा पडला. "काहून? चव बिघडली का?"

"जेवा हो," साहेब हसून म्हणाले, "तुम्ही थांबलात की मलाही थांबावं लागतं."

महादेवीनं त्याचा हात बाजूला केला आणि ती शेवटची भाकर त्याच्या ताटात टाकली, वाफ निघत असलेली. मग आत जाऊन तिनं परात पालथी घातली आणि चुलीतली लाकडं बाहेर ओढून विझवायला लागली.