दारफाळणीला पुणतांब्यात

पहाटे पाचला ठाण्याहून शिर्डीची एसटी पकडली तेव्हा माझ्याखेरीज गाडीतले सगळे दर्शनाला निघालेले होते. मी निघाले होते एक सही घ्यायला.

लेया आत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. वय चौऱ्याहत्तर, अंगात साखर, आणि पुणतांब्यात एकटी. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू. कोकणात आणि मुंबई-ठाण्यात आमची थोडी घरं उरलीत. पुणतांब्यात घर एकच आणि घरात माणूसही एकच. आत्या तिथल्या सरकारी दवाखान्यात नर्स होती, तिचे यजमान रेल्वेत गार्ड. बावीस वर्षांपूर्वी त्यांचा एकुलता मुलगा शिमोन अपघातात गेला. वर्षभरात यजमान गेले. आत्या तिथंच राहिली. का राहिलीस, असं घरातल्या कुणी तिला विचारलं नाही. गेल्या वर्षी माझे वडीलही गेले, तेव्हा विचारणारी मीच उरले.

मी एका संघटनेसाठी पत्रकं लिहिते. पाणी, रेशन, झोपडपट्टीतले संडास. अन्याय अर्ध्या पानात मांडायचा, खाली मागण्या लिहायच्या. आत्याचा प्रश्नही मी तसाच सोडवला होता. ठाण्यात आपल्याच समाजाच्या वृद्धाश्रमात एक खोली रिकामी झाली होती. तिथून सिनेगॉग पाच मिनिटांवर. सोमवारपर्यंत होकार दिला नाही तर खोली दुसऱ्या कुणाला जाणार होती. अर्ज भरून आणला होता, फक्त तिची सही हवी होती. तिला मी आधी कळवलं नाही. कळवलं असतं तर "येऊ नकोस" म्हणाली असती. दसऱ्याची सुट्टी होती, एवढंच मी पाहिलं.

सिन्नर सोडल्यावर माळ सुरू झाला. त्यात कुठंकुठं बाजरीची उभी ताटं. शिर्डीला एसटी रिकामी झाली आणि मी काळीपिवळीत (गावोगावची प्रवासी जीप) बसले. राहात्याला पेरूच्या बागा, पुढं दोन्हीकडे ऊस, माणसाच्या वर गेलेला. चारीच्या (शेताला पाणी नेणाऱ्या कालव्याच्या) कडेला लोक ट्रॅक्टर आणि ट्रॉल्या धूत होते. कुणी घासत होतं, कुणी झेंडूचे हार ओवत होतं. सगळा रस्ता कामात आणि मजेत होता. वाटेत आत्याला दोनदा फोन लावला. बंद.

तिचं घर स्टेशनाकडच्या गल्लीत आहे. गल्लीतल्या प्रत्येक दाराला झेंडूचं तोरण, एका दाराला नव्हतं. त्याच्या उजव्या चौकटीवर मेझुझा (आत धर्मवचनाचा कागद असलेली छोटी नळी) होती. दार आतून बंद. मी कडी वाजवली, हाका मारल्या. शेजारच्या दारातून एक बाई पिठाच्या हातांनी बाहेर आली.

"ओ ताई, कोन तुमी? वाजवू नका."

"मी त्यांची भाची. ठाण्याहून आलेय."

"भाची?" तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "आन् तुमाला ठाव न्हाई? आज सिस्टरबाईंची दारफाळनी हाय."

दारफाळणी. दार फाळणं म्हणजे बंद करणं. जग ज्याला योम किप्पूर म्हणतं तो आमचा सगळ्यात कडक उपास. आदल्या संध्याकाळी दार लावायचं, पांढरं नेसायचं, पाणीसुद्धा घ्यायचं नाही, दुसऱ्या दिवशी चांदण्या दिसेपर्यंत दार उघडायचं नाही. हा माझ्या आजीचा शब्द. लहानपणानंतर मी तो ऐकलाच नव्हता. आमचाही महिना चंद्राचा, त्यामुळे काही वर्षी त्याचा दहावा दिवस नेमका दसऱ्याला येतो. हे मला एका शेतकऱ्याच्या बायकोनं, मंदाताईनं, पुरणपोळीची कणीक मळता मळता सांगावं. माझी मान खाली गेली, आणि मान खाली गेली की मला राग येतो.

"साखरेचा आजार असलेल्या बाईला दिवसभर उपाशी कोंडून ठेवायचं आणि त्याला सण म्हणायचं?"

"कोंडलं कुनी? कडी आतून हाय." मंदाताई शांतपणे म्हणाली. "गोळ्यांचं त्यांनी डॉक्टरला इचारलंय. नर्स त्या हायेत, तुमी न्हाई."

मग मी ओट्यावर बसून राहिले.

परक्या गावात सणाच्या दिवशी बंद दाराबाहेर बसणं कसं असतं ते बसल्याशिवाय कळत नाही. माणसं नवे कपडे घालून आपट्याची पानं देत फिरत होती. मलाही कुणीकुणी दिली, "सोनं घ्या, सोन्यासारखं राहा." पण कोण, कुठली, हे विचारायला कुणी थांबलं नाही. मात्र आत्याच्या दारापुढून जाताना प्रत्येकाचा आवाज खाली यायचा. मंदाताईनं पुरणपोळीचं ताट आणून दिलं. भूक होती, खाल्ली. दुसऱ्या पोळीवर माझ्या ध्यानात आलं की दाराच्या आतल्या बाजूला आत्या उपाशी आहे आणि मी तिच्या उंबऱ्याला टेकून तूप चाटतेय. हात धुतले आणि गोदावरीवर गेले. घाट मोठा, पाणी गढूळ आणि संथ. पायऱ्यांवर एक म्हातारा धोतर वाळवत बसला होता. त्याच्याशी काहीतरी बोलावं असं वाटलं. पण तशीच परत आले.

मंदाताईचं आणि आत्याचं घर एकाच भिंतीचं. दोन-दोन तासांनी मंदाताई भिंतीवर वाटी वाजवायची, पलीकडून दोन ठोके यायचे. "बरं हाय," ती मला सांगायची आणि कामाला लागायची. साडेतीन वाजता ठोके आले. साडेपाचला तिनं वाजवलं. काही आलं नाही.

परत वाजवलं. नाही.

"झोपल्या आसतील," मंदाताई म्हणाली, पण वाटी तिनं खाली ठेवली नाही.

"दार फोडा."

"न्हाई. येवढा येळ कळ काढली त्यांनी, आन् आता आपन फोडायचं?"

"आत माणूस मेलं तर तुमचा सण जबाबदारी घेणार आहे का?" मी ओरडले. गल्लीतली माणसं जमली. मंदाताईचे यजमान आप्पा ट्रॉलीला हार घालत होते, ते हार हातात तसाच घेऊन आले. कुणी पुढं होईना, मागंही सरेना. शेवटी मीच खांद्यानं दोन धडका दिल्या. लाकूड जुनं होतं, कडीचे स्क्रू सुटून आले.

आत अंधार. काचेच्या पेल्यात तेलावर वात तरंगत होती. आत्या पांढऱ्या साडीत, पश्चिमेच्या भिंतीकडे तोंड करून, दोन्ही पाय जुळवून उभी होती. हातात पुस्तक. ओठ हलत होते. दार मोडल्याचा एवढा आवाज झाला, तिनं मागं वळून पाहिलं नाही. फक्त तिचे खांदे एकदा वर गेले आणि हळूहळू खाली आले.

मंदाताईनं माझी बाही ओढली. "उभ्यानं म्हनत्यात," ती अगदी हळू म्हणाली. "तवा बोलायचं नसतं, ठोकायचंबी नसतं. मलाच उमजाया पायजे हुतं." तिनं सगळ्यांना मागं सारलं आणि दार बाहेरून ओढून घेतलं. मी आत राहिले.

किती वेळ गेला कळलं नाही. आत्या तीन पावलं मागं आली, वाकली, मग वळली.

"रुथी," ती म्हणाली, "कडी लाव."

"कडी तुटली, आत्या."

"मग पाठ लावून बस. अजून चांदण्या यायच्यात."

मी दाराला पाठ लावून जमिनीवर बसले. बाहेर गल्ली पांगत होती. आत्या पलंगाच्या कडेला बसली. तिचे ओठ कोरडे पडून चिरले होते.

"शेवटची प्रार्थना होती. ही झाली की वरचं फाटक बंद होतं. मधेच थांबता येत नाही." तिच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

"तू हे का करतेस?" मी विचारलं. "शिमोन गेला. आतोबा गेले. मग कुणासाठी?"

"शिमोन गेला त्या वर्षी नव्हतंच केलं. दार सताड उघडं टाकलं. कोंबडी शिजवली आणि ताट घेऊन दारासमोर बसले. देवाला म्हटलं, तुला वरून बघायचंय ना? बघ."

"मग?"

"मग मंदा आली. 'सिस्टरबाई, आज दार उघडं कसं? बरं नाही का?' तिच्यामागं तिची सासू, मागून आणखी दोघी. दार उघडं दिसलं म्हणून माणसं घाबरून आली गं. मला वाटलं, माझा दिवस ह्यांना पाठ आहे आणि मी तो मोडत बसलेय. ताट झाकलं, त्यांना घरी पाठवलं, उठून कडी लावली."

"आणि देव?"

"त्याचं त्या दिवशी मला काही कळलं नाही. पण कडी लावल्यावर आत बसून करायचं काय? पुस्तक उघडलं."

बाहेरून मंदाताईचा आवाज आला, "सिस्टरबाई, तीन झाल्या." चांदण्या मोजायचं काम दरवर्षी तिचं होतं, कारण मोजायलासुद्धा आत्या दार उघडत नसे.

आत्यानं भिजवलेल्या मनुकांचं सरबत पेल्यात ओतलं आणि बराखा (आशीर्वादाचं वचन) म्हटली. मग थांबली. माझ्याकडे पाहत राहिली.

"आमेन म्हण की. आपल्या बराखाला आपण म्हणायचं नसतं. हे गेल्यापासूनची माझी सगळी वर्षं तशीच राहिलीयत."

मी म्हटलं. माझा आवाज मलाच ओळखीचा वाटला नाही.

दुसरा दिवस शिळा सण. दारफाळणीनंतर घरोघर जाऊन भेटायचं आणि दानधर्म करायचा. आत्यानं डब्यात सारणाच्या पुऱ्या भरल्या आणि पिशवीत लाल रेडियमच्या पट्टीची गुंडाळी, कात्री आणि फडकं टाकलं. मी विचारलं तेव्हा चालता चालता सांगितलं. शिमोन संध्याकाळी मोटरसायकलवरून येत होता. रस्त्यात उसानं भरलेली ट्रॉली उभी होती, मागं दिवा नाही, पट्टी नाही.

"केस केली होती ना?"

"केली. ज्याची ट्रॉली तो कोर्टात रडत होता. पट्टी का लावली नाहीस म्हणून विचारलं, तर म्हणाला, कुणी सांगितलं नाही. तेव्हापासून मी सांगते."

दसऱ्याला ट्रॉल्या धुऊन पुजलेल्या असतात, पत्रा स्वच्छ असतो, पट्टी घट्ट बसते. म्हणून मुहूर्त शिळ्या सणाचा. आप्पांची ट्रॉली पहिली.

"गेल्या सालची हाय की आजून," आप्पा म्हणाले.

"निम्मी उडालीय. बाजूला व्हा."

"लग्नातबी मला येवढं सजवलं न्हवतं कुनी."

"सजवण्याजोगं काय होतं?" मंदाताई दारातून म्हणाली.

मी पत्रा पुसत होते, आत्या पट्टी कापून दाबत होती. दर घरी कुणीतरी आपट्याची पानं आणून तिच्या हातावर ठेवायचं. तिच्यासाठी आदल्या दिवशी मुद्दाम बाजूला काढलेली. दुपारपर्यंत चौदा ट्रॉल्या झाल्या आणि माझी कंबर गेली. मग एका लिंबाखाली मी अर्ज काढला.

तिनं चष्मा लावून ओळ न् ओळ वाचली. सिनेगॉगच्या ओळीवर बराच वेळ थांबली.

"मला जावंसं वाटतं," ती म्हणाली. "खोटं कशाला बोलू? चार माणसांत बसून सण करायला जीव तरसतो."

"मग सही कर."

"पंधरा दिवसांत साखर कारखान्याचा बॉयलर पेटेल. मार्चपर्यंत उसाच्या ट्रॉल्या चालतात. धुळीनं पट्ट्या सुटतात, महिन्यानं पुन्हा बघाव्या लागतात."

"दुसरं कुणी बघेल."

"कोण?"

"संघटना आहे आमची. तहसीलदारांना निवेदन देऊ, मागणी करू..."

"माणसाचं नाव सांग, रुथी."

तिनं अर्जाची घडी घालून परत दिली, चष्मा पुसला आणि पंधराव्या ट्रॉलीकडे चालू लागली. फडकं माझ्याकडे होतं, म्हणून मला मागं जावं लागलं.

संध्याकाळी निघताना मी कडीबद्दल माफी मागितली. सुतार येणार होता. "पुढच्या वर्षी यायचं तर आदल्या दिवशी ये," ती म्हणाली. "ऊन उतरायच्या आत. दार लावलं की मी उघडत नाही, तुला माहितेय." काळीपिवळी वळली तेव्हा ती ओट्यावर उभी होती, आणि तिला तोंडावर जे 'येईन' म्हणायचं होतं ते मी जीपमध्ये अनोळखी माणसांच्या गुडघ्यांमध्ये बसून मनात म्हटलं.

सोमवारी आश्रमाला फोन केला आणि खोली दुसऱ्याला द्या म्हटलं. तिला तिथं आणलं असतं तर तिचा एकटेपणा गेला असता, हे मी अजूनही म्हणते. तिचं चुकलं असंही म्हणवत नाही. माझ्या मजल्यावर चार दारं आहेत. चारही बारा महिने बंद, आणि कुठलं कशासाठी बंद आहे हे एकमेकांना ठाऊक नाही. माझं उघडं राहिलं तर कुणी घाबरून येणार नाही.

पुढच्या दारफाळणीची तारीख काढली आहे. आदल्या दिवसाचीही रजा टाकली. देवाशी माझं काही मिटलेलं नाही. जे काय बोलायचं ते पुढच्या वर्षी कडी लावून, आत बसून बोलेन.