मधला ठिपका

रेणुकाच्या पप्पांइतकं नव्या वस्तूंशी भांडलेलं माणूस अख्ख्या सोलापुरात दुसरं नसेल. रेणुका माझी शाळेपासूनची मैत्रीण आणि तिच्या पप्पांचा फोटो स्टुडिओ आमच्या गल्लीच्या तोंडाशी. त्यांचं म्हणणं असं, की कंपन्या आता काही बनवतच नाहीत. जुन्या वस्तूतून काहीतरी काढून घेतात आणि उरलेलं नवीन म्हणून विकतात. फोनचं हेडफोनचं भोक काढलं, गाडीची किक काढली. एकदा चहाबरोबरचं बिस्किट उलटंपालटं करून ते म्हणाले, "ह्याच्या कडंच्या चुण्या कुटं गेल्या?" समोरच्या गोष्टीत काय आहे ते त्यांना दिसतच नाही, काय नाही तेवढंच दिसतं. रेणुकाला बघायला केम गावचा मुलगा आला, तेव्हा तो पोहे खाऊन जाईपर्यंत पप्पा डोळे बारीक करून बघत होते. दार लागल्या लागल्या म्हणाले, "पोरगं चांगलं हाय. पण ह्या मॉडेलातनं बोलणंच काढलंय की!" मीही कमीच बोलते, त्यामुळे मला त्या मुलाबद्दल एकदम आपुलकी वाटली.

लग्न ठरलं, साखरपुड्याची तारीख निघाली आणि नेमका तेव्हाच पप्पांचा जुना कॅमेरा बंद पडला. सुटे भाग मिळत नाहीत म्हणून त्यांनी नाइलाजाने नवीन घेतला, सगळ्यात साधा, पहिल्या पायरीवरचा. त्याला डोळा लावून बघायची खिडकी नव्हती, मागे फक्त पडदा. पप्पा मात्र तीस वर्षांच्या सवयीने तो तोंडावर दाबून धरायचे आणि प्रत्येक फोटोनंतर पडद्यावरचा स्वतःच्या नाकाचा डाग शर्टाने पुसायचे. तेही त्यांनी सोसलं असतं. पण कॅमेऱ्याच्या डोक्यावर फ्लॅश सरकवून बसवायची जी खाच असते, तिच्या मधोमध धातूचा एक ठिपका असतो. फ्लॅशला पेटायचा हुकूम त्या ठिपक्यातून जातो. नव्या कॅमेऱ्यात तो ठिपकाच नव्हता. कंपनीचा स्वतःचा नवा फ्लॅश तेवढा त्याच्यावर चालणार होता. पप्पांचा फ्लॅश दुसऱ्याच कंपनीचा, बॅटरीचं झाकण रबरबँडने बांधलेला. रेणुकाचं बारसं, तिचे सगळे वाढदिवस, दहावीचा पेढा, सगळं त्याच फ्लॅशच्या उजेडात टिपलेलं. साखरपुड्याचा एक तरी फोटो त्याच उजेडात काढीन, असं ते सगळ्या गल्लीला सांगून बसले होते.

"तू इंग्लिश मीडियमची हायस की," ते मला म्हणाले. "कंपनीला पत्र लिही." मी त्यांच्या काउंटरवर बसून ईमेल लिहायला घेतला आणि ते येरझाऱ्या घालत सांगू लागले, "लिही, तव्याचा मधला भाग कापून काढला, तर भाकरी कुटं टाकायची?" मी इंग्रजीत लिहिलं की या सुविधेबद्दल माहिती मिळाल्यास आभारी राहू. "तव्याचं लिहिलंस का?" मी हो म्हणाले. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं: आपल्या प्रेमाबद्दल धन्यवाद, ही सुविधा या मॉडेलमध्ये नाही, कृपया वरचं मॉडेल पाहावं. मी वाचून दाखवलं. पप्पा फ्लॅशचा रबरबँड नीट बसवत म्हणाले, "त्यांना तवा कळलाच न्हाय."

या पत्रव्यवहारामुळे मी त्यांच्या लेखी या खात्यातली माणूस झाले होते. म्हणून साखरपुड्याच्या दुपारी त्यांनी फ्लॅश माझ्या हातात दिला. युक्ती सोपी होती. मंगल कार्यालयात मिट्ट काळोख करायचा, पप्पांनी कॅमेरा स्टँडवर लावून 'तीन' म्हणत त्याचं शटर उघडं धरायचं आणि त्याच क्षणी मी फ्लॅशचं मागचं बटण हाताने दाबायचं. काळोख करायला खिडक्या झाकायला हव्या होत्या, तर पाहुण्यांना आहेर द्यायला आणलेल्या चादरी पप्पांनी खिळ्यांना टांगल्या. केमचे पाहुणे आपला आहेर खिडकीला लटकलेला पाहत स्टेजवर रांगेत उभे राहिले. त्यांनी आणलेला ड्रोनवाला फोटोग्राफर हाताची घडी घालून मजा बघत होता. दिवे गेले.

"लाईट गेली का ओ?" मुलाची आत्या.

"गेली न्हाय, घालवलीय. हलू नका!"

"आवो पाव्हणं, तोंड कुटं करायचं? कायच दिसंना!" हे मुलाचे मामा.

"हाय तितंच ऱ्हावा. एक... दोन..."

मी दोनलाच दाबलं, शटर उघडायच्या आतच. दुसऱ्या वेळी ड्रोनवाल्याचा मोबाईल उजळला आणि फोटो सगळा पांढरा आला. कुणीतरी फिसकन हसलं, मग रांगच्या रांग हसायला लागली.

"पप्पा, बास की आता," रेणुका काळोखातून म्हणाली. "लोक हसाय लागलेत."

 पप्पा एवढ्याशा आवाजात म्हणाले, "एकदाच, बाळा. परत न्हाय म्हणणार." हसणं आपोआप थांबलं. मी फ्लॅश दोन्ही हातांनी धरला. "एक... दोन... तीन."

कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो उमटला. त्या चौकोनी उजेडात पप्पांचा चेहरा तेवढा दिसत होता. मी वाकून पाहिलं. मामा छताकडे बघतायत, आत्याने पर्स पोटाशी धरलीय, नवऱ्या मुलाचे डोळे मिटलेले. रेणुका मात्र अगदी लख्ख आली होती. फक्त तिची नजर कॅमेऱ्यात नव्हती. काळोखात 'एक, दोन' म्हणणारा आवाज जिथून येत होता, तिथे, कॅमेऱ्याच्या जरा शेजारी, ती बघत होती.

"परत घ्यायचा का, काका?" मी हळूच विचारलं.

"नगं," ते म्हणाले. "हाय ते बराबर हाय."

थोड्या वेळाने पडदा आपला आपण विझला. पप्पा तरी तिथेच बघत उभे होते, आणि दिवे लावा म्हणून सांगायचं मलाही सुचलं नाही.