उभे राहण्यास नकार

या नेदरलँड्स देशात सायकलीसाठी नियम आहे, कुत्र्यासाठी नियम आहे, कोणत्या पेटीत कोणता कचरा टाकावा यासाठी तर नगरपालिकेचे स्वतंत्र पत्रक आहे; आणि अशा या सर्वांगी नियमबद्ध देशात एका जागी उभे राहण्यास जिने कोणाचीही भीडमुर्वत न ठेवता नकार दिला अशी एकच व्यक्ती होऊन गेली, असे मी पूर्ण जबाबदारीने लिहून देतो. सदरहू व्यक्ती दोन वर्षे आमच्या माळ्यावर राहत होती. माझी पत्नी आइंडहोवनच्या यंत्रकारखान्यात तपासणी विभागात नोकरीस आहे, सबब आम्ही शेजारच्या न्यूनेन या शांत गावात घर करून आहोत. मी स्वतः वीस वर्षे तहसील कचेरीसमोर टेबल टाकून अर्ज, तक्रारी व प्रतिज्ञापत्रे लिहीत असे. माझे शिक्षण नववीपर्यंतच झाले हे खरे. परंतु माझ्या हातचा अर्ज अपुरा म्हणून कधी परत आला नाही, आणि हे सांगू शकणारे पदवीधर मला अद्याप भेटावयाचे आहेत. ही मुलगी जवळच्या शहरातील एका संगीत विद्यापीठात क्लॅरिनेटवादनाचे पदव्युत्तर शिक्षण घेत होती. तिचे वडील आमच्याच तालुक्यातले बँडमास्तर. लग्नाच्या वरातीत क्लॅरिनेट वाजवीत चालणे हा त्यांचा चाळीस वर्षांचा व्यवसाय, आणि मुलगी आठव्या वर्षापासून त्यांच्या शेजारून चालत हे वाद्य शिकली. उभे राहून किंवा बसून क्लॅरिनेट वाजविता येते ही बातमी तिला विसाव्या वर्षी समजली, आणि ती तिने मनापासून कधीच मान्य केली नाही.

चालल्याशिवाय तिला मनासारखे वाजविता येत नसे. आमच्या माळ्यावर उतरते छप्पर आहे. मध्यभागी ताठ सहा पावले टाकता येतात, सातव्या पावलाला मान वाकवावी लागते. ती सहा पावले वाजवीत जाई, सातव्याला वाकून वळे, पुन्हा सहा पावले येई. खालच्या स्वयंपाकघरात माझ्या पत्नीने तिच्या पावलांवर भाताच्या शिट्ट्या बेतल्या होत्या. पुढे सहा पावलांत तिचा श्वास मावेना, तेव्हा ती रस्त्यावर उतरली. सायकलींच्या लाल वाटेच्या कडेने दिव्याचे खांब आहेत. कोणती ओळ किती खांबांपर्यंत एका श्वासात न्यावयाची हे तिने ठरवून टाकले, आणि छापील स्वरलिपीवर पेन्सिलीने "दोन खांब", "साडेतीन खांब" अशा खुणा केल्या. तिच्या डच प्राध्यापकांनी त्या खुणा पाहून ही कोणत्या परंपरेतील पद्धत आहे असे आदराने विचारले. तिने सांगितले, "न्यूनेनची. बसस्टॉपपासून डावीकडे." समोरच्या घरातल्या वृद्ध डच बाई एकदा माझ्या पत्नीला म्हणाल्या, "तुमची मुलगी फार घाईत दिसते, पण पोहोचत कुठेच नाही." पत्नीने हे तिला मराठीत सांगितले, तेव्हा ती म्हणाली, "काकू, त्यांना सांगा, वरात लवकर पोहोचली तर लोक बँडवाल्यांना नावं ठेवतात."

दुसरी गोष्ट तिच्या तोंडाची. क्लॅरिनेटच्या मुखाशी बोरूची एक पातळ पट्टी असते, तिला रीड म्हणतात. ती ओली नसेल तर वाद्य बोलत नाही. माझे आजोबा बोरूच्या लेखणीने लिहीत, सबब या वनस्पतीविषयी माझ्या मनात आधीपासूनच आदर आहे. ही मुलगी ती पट्टी दिवसभर जिभेवर ठेवी. सुपरमार्केटात, बसमध्ये, डॉक्टरांच्या प्रतीक्षागृहात तिच्या ओठांतून बोरूचे टोक डोकावत असे, आणि पुढचा माणूस बोलावयाचा थांबला की ती पट्टी काढून, उत्तर देऊन पुन्हा आत ठेवी. त्यामुळे तिची उत्तरे आखूड असत. आइंडहोवनमधील आपल्या अभियंता मंडळींपैकी एकाने दिवाळीच्या फराळाच्या वेळी हातातल्या चकलीसह तिला विचारले, "मास्टर्स इन क्लॅरिनेट? बरं, आणि त्यात पुढे स्कोप काय?" तिने पट्टी काढली, "फुप्फुसं चालतायत तोवर आहे," असे म्हणाली आणि पट्टी परत जिभेवर ठेवली. तो गृहस्थ नंतर मला बाजूला घेऊन म्हणाला, "फार उद्धट आहे हो." मी त्यास सांगितले की प्रश्नही तसाच होता.

त्याच दिवाळीच्या कार्यक्रमात जे घडले ते येथील मराठी मंडळाने आजवर मनातून काढलेले नाही, म्हणून त्याची खरी हकिगत मी येथे नोंदवून ठेवतो. तिला जेवणापूर्वी पाच मिनिटे वाजविण्याची विनंती झाली होती. आता वरातीत वाजविणारा माणूस गाणे स्वतः संपवीत नाही. वरात चालविणारा कोणी मामा किंवा काका हात वर करतो, तेव्हा बँड थांबतो. तोवर शेवटची ओळ फिरत राहते. हिने पाच मिनिटांत गाणे शेवटच्या ओळीपर्यंत आणले आणि सभागृहाच्या दोन भिंतींमध्ये चालत ती ओळ फिरवावयास घेतली. लोकांनी टाळ्या वाजविल्या. ओळ पुन्हा आली. लोकांनी पुन्हा टाळ्या वाजविल्या, जरा कमी. मंडळाच्या चिटणीस बाई माझ्याकडे वाकल्या.

"काका, ही तुमच्याकडची ना? संपवायला सांगा हिला."

"ती वाजवते आहे. मी मध्येच कसा सांगू?"

"अहो, पुऱ्या गार होतायत."

"गार पुरी श्रीखंडाबरोबर चालते."

"श्रीखंड नाहीये. बासुंदी आहे."

मी वाकून बासुंदीचे पातेले पाहून घेतले. चष्मा नाकावरून घसरला होता तो वर सारण्यासाठी मी हात उचलला, आणि त्याच क्षणी क्लॅरिनेट थांबले. ती घामाने भिजलेली, सरळ माझ्यापाशी आली व म्हणाली, "काका, किती वेळ लावलात." त्या दिवसापासून मंडळाने तिला बोलाविले नाही, आणि मी मंडळाची वर्गणी भरून सभांना जाणे सोडले.

आता मुख्य बाब. दोन वर्षांच्या अखेरीस तिला पदवीसाठी अंतिम वादन करावयाचे होते. पूर्वार्धात विद्यापीठाने नेमून दिलेल्या रचना; उत्तरार्धात विद्यार्थ्याच्या पसंतीचे संगीत, मात्र परीक्षामंडळाच्या मंजुरीने. तिने पसंतीच्या रकान्यात लिहिले, "वरात, वीस मिनिटे, प्रेक्षकांच्या मधल्या वाटेने चालत." मंडळाचे पत्र आले की संगीत मंजूर आहे, चालणे नामंजूर, आगीच्या प्रसंगासाठी मधली वाट मोकळी ठेवणे बंधनकारक आहे. उत्तरार्ध नियमबाह्य ठरला असता तर पदवी गेली असती, आणि ऑगस्टात तिचा येथील राहण्याचा परवाना संपत असल्याने ती मुलगी क्लॅरिनेटच्या पेटीसह रिकाम्या हाताने तालुक्याला परतली असती. अशा वेळी काय करावयाचे असते हे मला शिकविण्याची गरज नव्हती. मी कागद घेतला.

पहिल्या अर्जात मी विनंती केली, दुसऱ्यात कारणे दिली. तिने दोन्हींचा इंग्रजीत अनुवाद केला. "उपरोक्त वाद्य हे मुळातच पादचारी स्वरूपाचे असून" हे वाक्य लिहिताना ती हसली, तरी तिने ते जसेच्या तसे ठेवले. दुसऱ्या अर्जाचा परिणाम झाला. मंडळाने कळविले की विद्यार्थिनीस रंगमंचावर चालण्याची मुभा देण्यात येत आहे. मी समाधानाने चहा टाकला. ती मात्र बस पकडून विद्यापीठात गेली, रंगमंच पावलांनी मोजून आली आणि स्वयंपाकघराच्या दारातच उभी राहिली.

"आठ पावलं आहे, काका. माझ्या सगळ्यात छोट्या श्वासाला अकरा लागतात."

"मग तिसरा अर्ज करू. रंगमंचाच्या मापाचा मुद्दा आपण आधी घेतलाच नव्हता."

"अर्ज नको आता."

"का बरे?"

"आपण विचारतो, म्हणून त्यांना नाही म्हणता येतं."

वीस वर्षे ज्या व्यवसायावर मी जगलो त्याविषयी असे उद्गार मी अन्य कोणाकडून ऐकून घेतले नसते. मी तिला परवान्याची आठवण करून दिली, पदवीची दिली, प्राध्यापकांच्या आशेचीही दिली. वाकून वळत का होईना, आठ पावलांत वाजव, माळ्यावर सहात वाजवीतच होतीस, असेही सुचविले. तिने जिभेवरची पट्टी काढून पुसली व डबीत ठेवली. असे ती जेवतानाच करी.

"बाबांनी चाळीस वर्षं रस्त्यानं चालत वाजवलं. त्यांना कुणी कलाकार म्हटलं नाही. मी स्टेजवर उभी राहून तेच वाजवलं की मला म्हणणार. मग ते काय करत होते इतकी वर्षं?"

मी कागद मिटून ठेवला. माझ्या आयुष्यात अर्धवट सोडलेला तो एकमेव अर्ज.

जूनमधल्या एका सकाळी अकरा वाजता वादन झाले. पहिल्या रांगेत तीन परीक्षक, मागे विद्यार्थी व आमच्यासारखी मंडळी. माझ्या पत्नीने फोन उंच धरून तिकडे बँडमास्तरांना दाखविण्याचे काम पत्करले होते. पूर्वार्ध तिने उभे राहून, टाचा जमिनीला चिकटवून वाजविला. तो इतका निर्दोष झाला की मला काळजी वाटू लागली. नंतर तिने पाणी प्यायले, पट्टी बदलली, आणि वरातीची पहिली ओळ वाजवीत रंगमंचाच्या तीन पायऱ्या उतरून मधल्या वाटेत आली. एका परीक्षकाने लेखणी खाली ठेवली. मागच्या दारापाशी काळ्या पोशाखातला सभागृहाचा माणूस होता, वाट मोकळी ठेवण्याची जबाबदारी त्याची. ती सरळ त्याच्या अंगावर येते आहे असे पाहून त्याने क्षणभर विचार केला व दाराची दोन्ही कवाडे उघडून तो बाजूला झाला. वाट मोकळी ठेवणे हेच त्याचे काम होते, आणि ते त्याने चोख बजावले. ती बाहेर गेली. प्रथम एक विद्यार्थिनी उठली, मग तिच्या शेजारचे दोघे, मग रांगाच्या रांगा. मीही उठलो. पत्नी फोन उंच धरूनच चालू लागली. सायकलींच्या लांबलचक रांगांच्या कडेने, कालव्यावरच्या छोट्या पुलावरून आम्ही साठेक माणसे तिच्यामागून मुकाट चाललो होतो. समोरून येणारा एक सायकलस्वार उतरून उभा राहिला. वरातीचे ते संगीत मी हजार वेळा ऐकले असेन. आजूबाजूला ढोल, जनरेटर आणि आरडाओरडा नसताना त्यात इतक्या बारीक हरकती असतात हे मला पन्नाशी उलटल्यावर कळले.

तीनही परीक्षक आपापल्या खुर्च्यांवर बसून राहिले. निकालपत्रात त्यांनी नमूद केले की उत्तरार्धाचे मूल्यमापन दारापर्यंत ऐकू आले तेवढ्याचेच करण्यात आले आहे, व तेवढ्यावर विद्यार्थिनी जेमतेम उत्तीर्ण आहे. पूर्वार्धासारखाच उत्तरार्ध झाला असता तर विशेष प्रावीण्य होते, असे प्राध्यापकांनी हळहळून सांगितले. या निकालाविरुद्ध अपील करता येते, आणि माझ्या मते करावयास हवे होते. मुद्दे आजही तयार आहेत. तिने केले नाही. ती आता आल्मेरेला असते, तेथील मुलांना क्लॅरिनेट शिकविते, आणि मुले एका जागी उभी राहत नाहीत अशी पालकांची तक्रार असल्याचे समजते. माळा आम्ही एका अभियंत्याला दिला आहे. तो अतिशय शांत, सज्जन, वेळेवर भाडे देणारा मुलगा आहे आणि त्याच्याविषयी लिहिण्यासारखे काहीही नाही.

तिचा विषय निघाला की मला पदवी आठवत नाही, परीक्षकही आठवत नाहीत. वादन आटोपून आम्ही बसने घरी आलो, तेव्हा दुपारचे तीन वाजत आले होते, तालुक्यात संध्याकाळ. स्वयंपाकघरातल्या टेबलावर तिने फोन उभा केला. पडद्यावर बँडमास्तर होते. पत्नीचा हात हालत असल्याने त्यांना चित्र नीट दिसले नव्हते, आणि त्यांनी धंद्यातला माणूस विचारील तेच विचारले.

"पुढं नाचत कोण हुतं?"

"कुणी नाही, बाबा."

"आन मागं? नवरदेवाची गाडी?"

"गाडी नव्हती. मागं माणसं होती."

"कशाला?"

"ऐकायला."

"नुसती ऐकायला?"

"नुसती ऐकायला."

बँडमास्तरांनी टोपी डोक्यावर चढविली. त्यांच्यामागून कोणी तरी हाक मारीत होते, जीप येऊन थांबल्याचा आवाज आला. त्या संध्याकाळी त्यांना शेजारच्या गावची सुपारी होती. ते खाली पाहत गणवेशाच्या कोटाची बटणे लावू लागले, आणि शेवटचे बटण लागल्यावर म्हणाले, "मग जरा सावकाश चालायचं की गं."